चूक कळवण्यास कारण की

केडगाव, अहिल्यानगर
७ जानेवारी २०२५

ती. ग्लोरिया आत्यास,
नोहाचा सप्रेम सलाम वि. वि.

नाताळात तू चार दिवस राहून गेलीस आणि आता घर पुन्हा आम्हा नवरा-बायकोचं झालंय. दया अजून सवयीनं मोठ्यानं बोलते आणि मग स्वतःशीच हसते. तुझ्या कानांनी साथ सोडल्यापासून आपला फोन संपला, मोबाईलवरची बारीक अक्षरं तुला सोसत नाहीत, म्हणून हे पत्र. मला तेही बरंच वाटतं. फोनवर मी ‘सगळं बरं आहे’ म्हणून मोकळा व्हायचो. कागदावर तसं लिहिलं की ते खोटं लगेच दिसतं.

सगळं बरं नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर हे माझं पाचवं वर्ष. जूनमध्ये मुलाखत, एप्रिलमध्ये घरी, पुन्हा जूनमध्ये त्याच चौघांपुढे मुलाखत. दरवर्षी ते विचारतात की पीएच.डी. कशात आहे. मी सांगतो, संख्यात्मक विश्लेषणात. त्यावर एक सर दरवर्षी विचारतात, की म्हणजे संख्याशास्त्रच ना.

तूही नाताळात विचारलं होतंस आणि मी टाळलं, म्हणून आता लिहितो. काही समीकरणं हातानं सुटत नाहीत. कॉम्प्युटर ती पावलापावलानं, अंदाजानं सोडवतो आणि प्रत्येक पावलाला थोडा चुकतो. त्या चुका साठत जाऊन सगळं कोसळणार, की त्या आवाक्यात राहणार, हे आधी सिद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. माझा पेपर जमिनीत पाणी कसं मुरतं त्या समीकरणांवर आहे.

जगभरच्या आमच्या लोकांची दर सोमवारी एक सामाईक ईमेल येते. कुठे परिषद आहे, कोण निवृत्त झालं, कोण वारलं, कोणतं नवं सॉफ्टवेअर आलं आणि शेवटी नोकऱ्या. मी शेवटापासून वाचतो. मागच्या मेलमध्ये नॉर्वेतल्या एका विद्यापीठात तीन वर्षांची जागा आहे. विषय: मातीतलं पाणी. जणू माझं नाव घालून जाहिरात काढलीय. मुदत एकतीस तारखेपर्यंत. आजवर सोळा अर्ज केले. सतरावा करू का नको, या विचारात रोज संध्याकाळी पुणे रस्त्याच्या कडेनं बायपासपर्यंत चालत जातो आणि तसाच परत येतो.

तुझ्या दोन ओळी आल्या तर पाय थांबतील.

तुझा,
नोहा


सोनई
११ जानेवारी २०२५

चि. नोहा यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी ती सोमवारची मेल म्हणजे आपल्या मंडळीत रविवारी चर्चमध्ये वाचतात त्या सूचना झाल्या. कोण प्रभूकडे गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुठे सभा आहे. फरक एवढाच की आमचे पाळक सूचनांच्या शेवटी नोकरी देत नाहीत.

सतरावा अर्ज कर. मला विचारण्यात चार दिवस घालवलेस, तेवढ्यात तो लिहून झाला असता. विल्सन असाच होता. तुझ्या बापानं मिलिटरी कॅम्पातल्या नोकरीचा फॉर्म महिनाभर खिशात घेऊन फिरवला होता. शेवटी तो घामानं विरघळला आणि मी दुसरा आणून भरला.

दयाला विचारलंस का, हे मात्र पत्रात कुठे दिसलं नाही. तिला सांग, आत्यानं विचारलंय. इकडे कांदा काढायला आलाय, सगळं गाव शेतात आहे. माझे गुडघे जसे होते तसेच.

आमची आठवण ठेवा.

आत्या


केडगाव
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
नोहाचा सलाम वि. वि.

आधी बातमी. त्यांनी मुलाखत घेतली. कॉम्प्युटरवरच, पन्नास मिनिटं. नेमकी त्याच वेळी शेजारी बोअर घ्यायला सुरुवात झाली, म्हणून दयानं खिडकीला गाद्या लावल्या. समोर तिघं होते. मुख्य म्हणजे इंग्रिड नावाच्या प्राध्यापिका. त्यांनी माझा २०२१चा पेपर पानापानावर खुणा करून वाचला होता. आत्या, तो पेपर कुणीतरी वाचलाय हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या म्हणाल्या की त्यातल्या प्रमेयावरच त्यांच्या पुढच्या तीन वर्षांच्या कामाची मांडणी आहे. पावलं लहान घ्या की मोठी, चूक वाढत नाही, असं ते प्रमेय सांगतं. काल त्यांचं पत्र आलं. जागा मला द्यायची ठरली आहे. वीस मार्चपर्यंत सही करून पाठवायची.

दयाला मी खरंच विचारलं नव्हतं. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली की निदान आत्यांना तरी सुचलं. मग तिनंच चौकशी केली. तिथे नर्सची नोकरी करायची तर आधी त्यांची भाषा यावी लागते. हॉस्पिटलमधून आली की ती मोबाईलवर शब्द पाठ करत बसते. आभार मानायला तिथे ‘ताक’ म्हणतात. आता मी चहा दिला की मला ताक मिळतं.

तू सोनईत एकटी राहशील, हा विषय आम्ही दोघंही काढत नाही. तूच काढ.

कळावे, आणि लवकर लिही.

नोहा


केडगाव
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, सलाम.

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र पाठवतोय. घाबरू नकोस, तब्येती ठीक आहेत.

नॉर्वेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या पेपरवर व्याख्यान द्यायचं आहे. त्याच्या तयारीसाठी जुनी सिद्धता फळ्यावर लिहून काढत होतो. सहाव्या पायरीला एक संख्या आहे. ती स्थिर आहे असं मी धरलं होतं. ती स्थिर नाही. माती जितकी कोरडी, तितकी ती वाढते, आणि माती पूर्ण कोरडी झाली की तिला मर्यादाच राहत नाही. ओल्या मातीत माझं प्रमेय बरोबर आहे. कोरड्या मातीत ते सिद्ध होत नाही. पाच दिवस मी ते सांधायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरवर आकडे घालूनही पाहिले. मोठी पावलं घेतली की उत्तर अक्षरशः उधळतं. म्हणजे सिद्धता नुसती अपुरी नाही, विधानच खोटं आहे. आणि मी नगरचा माणूस असून कोरडी माती विसरलो.

चार वर्षं हे छापलेलं आहे. तपासणाऱ्या दोघांना दिसलं नाही, इंग्रिड बाईंना दिसलं नाही. आत्ता हे फक्त मला, दयाला आणि तुला ठाऊक आहे.

काय करू ते कळव.

नोहा


सोनई
३ मार्च २०२५

चि. नोहा यास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. आधी आनंद झाला आणि पाच मिनिटांत तो गेला.

मी सांगते ते नीट वाच आणि वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. सही कर आणि जा. तिथे पोच, बस्तान बसव, लोकांना तुझं काम दिसू दे. मग त्या बाईंना शांतपणे सांग की असं असं आढळलं. चार वर्षं कुणाला न दिसलेली चूक आणखी चार महिने थांबेल. खोटं बोल असं मी म्हणत नाही. फक्त आधी नको बोलू.

विल्सन आणि तुझी आई गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुला काही कमी पडू नये एवढंच मी तेव्हापासून पाहत आले. दर जूनला तू इस्त्रीचा शर्ट घालून त्या चौघांपुढे उभा राहतोस, ते मला इथे बसून दिसतं. मी सहासष्ट वर्षांची आहे. तुझं एकदा मार्गी लागलेलं मला पाहू दे. माझी काळजी करू नका, मंडळीतली माणसं येऊन-जाऊन असतात.

हट्ट करू नकोस.

आत्या


केडगाव
८ मार्च २०२५

ती. आत्यास,

पत्र फाडलेलं नाही.

सातवीत मी भागाकाराची एक पायरी गाळली आणि उत्तर बरोबर आलं. तरी तू मला अख्खं उदाहरण पुन्हा करायला लावलंस. मी रडलो, तू जेवायला वाढलं नाहीस. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, नंतर पटलं, आणि माझं जे काही शिक्षण झालं ते त्याच्या जोरावर झालं. आता तूच सांगतेस की पायरी गाळ. मला तुझा राग आला आहे आणि तो लपवायचा नाही असं ठरवून लिहितो आहे.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मी अजून कुणालाच कळवलेलं नाही. इंग्रिड बाईंना लिहिलेली मेल आठ दिवस तशीच पडून आहे. उघडतो, एक शब्द बदलतो, बंद करतो. वर्गात पोरं काही विचारतात आणि मला ऐकू येत नाही. म्हणजे तुझ्यावर रागावलोय आणि तुझंच ऐकतोय.

काल भाजी निवडता निवडता दया म्हणाली, की केसपेपरवर डोस चुकून लिहिला गेला तर पुढच्या पाळीची नर्स तोच डोस देते. ती कागदावर विश्वास ठेवते, तिनं ठेवायचाच असतो. एवढं बोलून ती उठली. नॉर्वेचे शब्द पाठ करायला मात्र बसली नाही.

वीस तारीख जवळ आली आहे.

नोहा


सोनई
१२ मार्च २०२५

चि. नोहा यास,
आशीर्वाद.

तुझ्या रागाला माझी हरकत नाही. तो बरोबर जागी आला आहे. आता मी लिहिते ते कधी कुणाला सांगितलेलं नाही, विल्सनलाही नाही.

१९८९ साली मी इथल्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. नगरच्या एका वसतिगृहात खेड्यातल्या हुशार मुलींना पाचवीपासून ठेवून घ्यायचे. मॅट्रिकपर्यंत राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथेच. त्यासाठी आसपासच्या शाळांची मिळून एक चाचणी झाली. पंधरा मुली घ्यायच्या होत्या. पेपर तपासायला आम्ही चार बाया होतो आणि समोर छापील उत्तरं होती.

एक उदाहरण असं होतं: दोनशे दहा मीटर रस्त्याच्या एका कडेला दर दहा मीटरवर एक झाड लावलं, दोन्ही टोकांनाही लावलं, तर झाडं किती? छापील उत्तर एकवीस. भागाकार करून मोकळे झालेले, पहिलं झाड मोजायचं राहिलेलं. मला ते तिसऱ्या-चौथ्या पेपरला लक्षात आलं. जवळजवळ सगळ्या मुलींनी एकवीसच लिहिलं होतं आणि त्यांना मार्क मिळत होते. मी उठले, पर्यवेक्षकांच्या टेबलापर्यंत गेले, आणि तिथून पाण्याचा तांब्या उचलून परत आले. त्याच वर्षी मला नोकरीत कायम करायचं होतं, आणि उत्तरं त्या साहेबांनीच काढली होती.

माझ्या वर्गातली छबू एका मार्कानं सोळावी आली. तिनं ते उदाहरण बरोबर सोडवलं होतं. पेपर मुलींना परत दिले तेव्हा ती माझ्याकडे आली, त्या उदाहरणावर बोट ठेवून उभी राहिली, आणि हे कसं चुकलं म्हणून विचारलं. मी तिला सांगितलं, की पुन्हा करून बघ.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. सोळाव्या वर्षी गावातच लग्न झालं. आता ती बाजारपेठेच्या मागे पिठाची गिरणी चालवते. तिला सगळे छबूबाई म्हणतात. माझं दळण मी दुसऱ्या गिरणीत नेते. ती लांब आहे, तरी तिथेच नेते.

मीही मनाशी म्हटलं होतं, की आधी कायम होते, मग सांगते. जुलैत कायम झाले. मग म्हटलं, आता प्रवेश होऊन गेले, सांगून काय उपयोग. मग ती मोठी झाली. नोहा, ‘नंतर’ म्हणून जे ठेवलं ते मला छत्तीस वर्षांत सापडलं नाही. तुला तोच रस्ता दाखवला, कारण मला तोच ठाऊक होता.

ती मेल पाठव. माझं मागचं पत्र फाडू नकोस, मलाच परत पाठव.

तुमच्या दोघांवर जीव आहेच, तुमचाही असू द्या.

आत्या


केडगाव
९ जून २०२५

ती. आत्यास,
नोहाचा सप्रेम सलाम वि. वि.

अधूनमधून नुसती खुशाली कळवत राहिलो, सविस्तर आज लिहितो. मध्ये लिहिण्यासारखी मनाची स्थिती नव्हती.

पंधरा मार्चला मेल पाठवली. इंग्रिड बाईंचं दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांनी आभार मानले, आणि सहावी पायरी त्यांनाही तपासता आली असती असं लिहिलं. पण सगळी मांडणी त्या प्रमेयावर होती, त्यामुळे समितीपुढे पुन्हा जावं लागेल म्हणाल्या. चार एप्रिलला कळलं की जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली. त्यांनी वाईट वाटल्याचं लिहिलं होतं आणि ते खरं असावं. मला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. आठवडाभर मी दयाशी धड बोललो नाही. एकदा म्हणालो, की तुझ्या त्या डोसच्या गोष्टीनं माझी नोकरी गेली. ती तशीच पाळीला निघून गेली. परत आल्यावर मी माफी मागितली. ती म्हणाली, की नोकरी गेल्याचं तिलाही वाईट वाटतंय, फक्त तिला कुणावर ढकलता येत नाही.

दुरुस्ती मी पेपर छापणाऱ्या मासिकाला पाठवली आणि सोमवारच्या मेललाही. मे महिन्यात ती आली. चार ओळी: अमुक पेपरातलं प्रमेय कोरड्या मातीसाठी खोटं आहे, लेखकानं स्वतः कळवलं आहे. वर पोर्तुगालमधली परिषद, खाली नव्या सॉफ्टवेअरची जाहिरात. मला वाटलं, आता सगळ्या जगात नाव झालं. पण एक मेल सोडली तर कुणीही काही म्हटलं नाही.

ती मेल रुपाली नावाच्या मुलीची. उत्तरेकडच्या एका संस्थेत ती पीएच.डी. करते. माझीच पद्धत वापरून दुष्काळी जमिनीचा अभ्यास करत होती. चौदा महिने तिचं उत्तर उधळत होतं. तिचे मार्गदर्शक म्हणायचे, की प्रमेय छापलेलं आहे, तेव्हा चूक तुझ्या प्रोग्रॅममध्येच. तिनं तो प्रोग्रॅम तीन वेळा नव्यानं लिहिला. शेवटी आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून तिनं काम सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, की दुरुस्ती खरी आहे ना.

मी नोकरीसाठी तळमळत होतो तेव्हा ही मुलगी माझ्या चुकीखाली दबलेली होती, आणि मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. आता आम्ही दोघं मिळून शोधतोय, की माती किती कोरडी असेपर्यंत पद्धत टिकते. तिचे आकडे फार उपयोगी आहेत.

यानं नोकरी परत आली असं नाही. सोळा तारखेला पुन्हा त्या चौघांपुढे जायचं आहे, शर्टाला इस्त्री झाली आहे. आजच्या मेलमध्ये दोन जागा आहेत, एक चेन्नईला आणि एक ऑस्ट्रियात. दोन्हीकडे अर्ज करतोय. प्रकाशनांच्या यादीत दुरुस्ती पहिल्या ओळीत लिहिली आहे. दया म्हणाली, तिथेच राहू दे.

तुझं ते पत्र सोबत परत पाठवत आहे.

माया आहे तशीच राहू दे.

नोहा


सोनई
१४ जून २०२५

चि. नोहा व चि. दया यांस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. माझं जुनं पत्र चुलीत घातलं. त्या मुलीबद्दल तू लिहिलेलं तीनदा वाचलं, आणि काल सकाळी पाच किलो ज्वारी घेऊन छबूच्या गिरणीत गेले.

तिथे दोघी-तिघी दळणाला बसल्या होत्या. मला पाहून तिनं ओळखलं, बसायला पोतं घातलं आणि ज्वारीला हात घातला. मी तिला आधी पट्टा बंद करायला सांगितलं. मला गिरणीचा आवाज येत नाही, पण पायाखालची थरथर थांबली तसं कळलं. मग मी बोलले. माझा आवाज किती मोठा होता ते मला कळत नाही, त्यामुळे त्या बायांनीही सगळं ऐकलं असणार. चाचणी, छापील उत्तर, टेबल, तांब्या, आणि मी तिला जे सांगितलं होतं ते.

मला वाटलं होतं ती म्हणेल, की जाऊ द्या बाई, आता काय त्याचं. तसं ती म्हणाली नाही. ती काही बोलली, पण तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं, ओठ दिसेनात. मग तिनं ते खाली ओढलं आणि हळूहळू बोलली. मला कळलं ते असं, की त्या उन्हाळ्यात तिनं ते गणित रोज केलं. शेताच्या बांधावर दगड मांडून केलं. कितीदा केलं तरी तेच यायचं. मग तिला वाटलं, आपल्याला गणितातलं काही कळतच न्हाई, आणि पाचवीपासून तिनं वर्गात हात वर केला नाही. हे ती रागानं बोलली की कसं, ते मला सांगता येत नाही. आवाज ऐकू येत असता तर कळलं असतं.

गिरणीत दळणाची नावं लिहायची पाटी असते. तिनं खडू घेतला, पाटीच्या एका कोपऱ्यात ‘२२’ लिहिलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

मी होकाराची मान हलवली.

तिनं रांगेतल्या बायांना ते बोटानं दाखवलं, फडकं वर बांधलं आणि पट्टा चालू केला. माझी ज्वारी दळून तिनं पीठ माझ्या हातात दिलं. दुसऱ्या बाईचं नाव लिहिताना तिनं पाटी पुसली, पण तो कोपरा सोडून.

दोघं जपून राहा. मी आहे तोवर लिहीत जा.

आत्या